नमुन्यात जेली मिसळली आहे

पोटातलं पाणी आमच्याकडे सकाळी अकराच्या सुमारास येतं. वॉर्डातला राउंड संपतो, कुणाच्या तरी फुगलेल्या पोटातून सुईने पाणी काढतात, बाटलीत भरतात आणि सोबत कागद लावून तळघरातल्या माझ्या लॅबमध्ये पाठवतात. कागदावर नाव, वय, गाव. एरच, गरौठा, समथर, झालंच तर सीमेपलीकडचं दतिया. माणूस मला दिसत नाही. दिसतं ते पाणी, कधी पिवळसर, कधी लाल, कधी ताकासारखं. ते यंत्रात गरगर फिरवायचं, तळाशी बसलेला गाळ काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का ते मायक्रोस्कोपखाली शोधायचं. चोवीस वर्षं मी झाशीत हेच करते आहे. तुम्ही कशाच्या डॉक्टर, असं कुणी विचारलं तर मी 'पाण्याची' म्हणून सांगते आणि पुढचे प्रश्न टाळते.

या कामाला बोलायला माणूस लागत नाही, आणि ते आपल्या सोयीचं आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. लॅबमध्ये एक टेक्निशियन आहेत. निवृत्तीला आलेले, पक्के बुंदेली. दिवसाला वीस वाक्यं बोलतात, त्यातली दहा 'हओ मैडमजी'. माझा मायक्रोस्कोप दोघांनी समोरासमोर बसून एकच काच बघण्याचा आहे. शंका आली की दुसऱ्या डॉक्टरला बसवायचं आणि 'बघ, तुला काय वाटतं' म्हणायचं, यासाठी तो घेतला होता. एक मुलगी नोकरीला आलीही, आठ महिने राहिली आणि दिल्लीला गेली. जाताना म्हणाली, "मैडम, आपसे डर लगता है." तेव्हापासून पलीकडच्या भिंगांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली आहे. शंका आली तर मी स्वतःलाच विचारते, आणि स्वतःचं उत्तर मला नेहमी पटतं.

घरी त्याहून शांत. वडील भुसावळहून इथल्या रेल्वे वर्कशॉपात आले आणि इथलेच होऊन गेले. माझं लग्न जमलं नाही. त्यात माझ्या जिभेचा वाटा मोठा होता, हे आई शेवटपर्यंत ऐकवत राहिली. तिला जाऊन सहा वर्षं झाली. ती गेल्यावर काही आठवड्यांनी ध्यानात आलं की मी दिवसचे दिवस मराठी बोललेच नव्हते. भाजीवाला, शेजारी, बँक, वॉर्ड, सगळीकडे हिंदी. एकदा तव्यावर बोट भाजलं आणि तोंडातून 'आई गं' निघालं. स्वतःचाच आवाज घरात ऐकून मला रडू आलं. बोट फारसं भाजलंही नव्हतं.

मग राहिल्या त्या काकू. आईच्या मैत्रीण, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, सिपरी बाजारात एकट्या राहणाऱ्या. यजमान रेल्वेत गार्ड होते, ते कधीच गेले, मुलगा-सून पुण्याला. काकू स्वतः रेल्वेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचं माहेर इथल्या जुन्या भटभिक्षुकांच्या घराण्यातलं, त्यामुळे त्यांची मराठी माझ्यापेक्षा जुनी आणि खणखणीत. डावाला त्या ओगराळं म्हणायच्या. मी 'सोचते' म्हटलं की लगेच, "सोचतेस नव्हे, विचार करतेस." वही तपासावी तशी त्या माझी वाक्यं तपासायच्या. मला त्याचा राग येत नसे, आणि मला राग न येणं ही गोष्ट झाशीत दुर्मिळच.

रविवारी सकाळी नऊला मी त्यांच्याकडे जायची. थालीपीठ ठरलेलं. भाजणीत त्या इथला वाटाणा आणि मसूरही भाजून घालायच्या. पुण्याच्या सुनेला हे कळलं तेव्हा तिने म्हणे कपाळाला हात लावला. आम्ही खायचो आणि मग जगातल्या सगळ्या लोकांची उणीदुणी काढायचो. बारा वाजता मी उठायची. आठवड्यात माझी वस्ती म्हणायची ती एवढीच, बाकी सगळं रान.

आता भांडणाचं सांगते, कारण सगळं त्यातून झालं.

आमच्या हॉस्पिटलात सोनोग्राफी करणारे एक डॉक्टर आहेत. तरुण, कामाला चांगले, मान ताठ. थोडं पाणी असेल तर ते सोनोग्राफीत बघून नेमकी सुई घालतात. त्यासाठी पोटावर जेली लावावी लागते. ती पुसून सुई घातली तर ठीक. नाहीतर सुईबरोबर जेली आत जाते, बाटलीत उतरते आणि काचेवर तिचे जांभळे गोळे होतात. त्या गोळ्यांखाली पेशी झाकल्या जातात आणि माझे डोळे फुटायची वेळ येते. मी त्यांना आधी तोंडी सांगितलं, मग लेखी, मग वरिष्ठांना प्रत देऊन लेखी. त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. मग मी माझ्यापुरता उपाय केला. पाणी फिरवायच्या यंत्रावर हिंदीत एक कागद चिकटवला: जैली दिखे तो चिमटी से निकालकर ही घुमाएँ. टेक्निशियननी तो नियम वेदवाक्यासारखा पाळला.

होळीच्या आधी काकूंचं पोट वाढायला लागलं. आधी त्यांनी गॅस समजून ओव्याचं पाणी घेतलं. "साडीच्या निऱ्या पुरेनात गं," असं एका रविवारी म्हणाल्या. मी म्हटलं, थालीपिठं कमी करा. दोघी हसलो. मग भूक मंदावली, दोन घासांत पोट भरायला लागलं, तेव्हा मीच त्यांना आमच्या फिजिशियनकडे नेलं. सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. ते काढून तपासायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाटली आली आणि कागदावर काकूंचं नाव होतं. ओळखीच्या माणसाचा नमुना दुसऱ्याकडून बघून घ्यावा, अशी आमच्यात रीत आहे. दुसरा मी कुठून आणणार होते? पाणी पातळ होतं, पिवळसर, आणि त्यात दोन-तीन चकचकीत तारा तरंगत होत्या. टेक्निशियननी बाटली उजेडात धरली, मान हलवली, चिमट्याने तारा उचलल्या आणि बादलीत टाकल्या. मी समोरच उभी होते. मी म्हटलं, "देखा? फिर वही जैली."

काचांवर पेशी फार थोड्या होत्या. मधूनमधून फिकट जांभळे पदर पसरलेले होते. एका काचेच्या कडेला उंच पेशींची एक ओळ दिसली, आठ-दहा पेशी, कुंपणाच्या काठ्यांसारख्या एकीला एक लागून. दिसायला अगदी साध्या, सभ्य. कॅन्सरच्या पेशी अशा नसतात, त्या वेड्यावाकड्या असतात. काही वेगळं दिसलं की आम्ही काचेवर त्या जागी शाईचा ठिपका देतो, तसा मी दिला. मग विचार केला: सुई आतड्याला घासली असेल, त्याचं अस्तर आलं असेल. असं होतंही. पण खरं सांगायचं तर मला ते तसंच हवं होतं. कॅन्सर नाही, असं मला काकूंना सांगायचं होतं, आणि ते सांगायला मी काच बघायच्या आधीच मनाने जिन्याकडे निघाले होते.

रिपोर्टात लिहिलं, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. त्याखाली लिहिलं, नमुन्यात जेली मिसळली आहे, पोट नीट पुसून मगच सुई घालावी. हे दुसरं वाक्य लिहिताना मला पहिल्यापेक्षा जास्त बरं वाटलं. रिपोर्ट वर गेल्यावर थोड्या वेळाने सोनोग्राफीतून फोन वाजला. नंबर ओळखीचा होता. भांडायलाच केला असणार, असं समजून मी तो वाजू दिला. सहा-सात वेळा वाजला आणि थांबला.

आमच्याकडे पोटात पाणी आणि कॅन्सर नाही म्हटलं की टीबी, हा साधा हिशेब. बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो. टीबीची तपासणी धड हो म्हणत नव्हती, धड नाही. फिजिशियननी माझ्या रिपोर्टावर भिस्त ठेवून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. मी स्वतः वर जाऊन काकूंना सांगितलं, पाणी साफ आहे. त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. होळीला मला जेवायला बोलावलं आणि पुरणपोळी केली. स्वतः अर्धीच खाल्ली.

उन्हाळा त्या गोळ्यांत गेला. झाशीचा उन्हाळा, कूलरचं पाणीसुद्धा गरम. गोळ्यांनी त्यांना मळमळायचं, लघवी केशरी व्हायची, हात काटकुळे झाले. पोट मात्र वाढतच होतं. रविवारी त्या कॉटवर टेकून बसायच्या, मी थालीपीठ लावायची, आणि त्या तिथून सांगायच्या, "भोक पाड, तेल सोड." पोटावर त्या ओढणी टाकून ठेवत. साड्या सोडून गाऊन घालायला लागल्या होत्या. मी म्हणायची, औषधाला वेळ लागतो, सहा महिने धीर धरा. त्या म्हणायच्या, "तू म्हणतेस ना, मग धरते." एकदाही त्यांनी मला उलटं विचारलं नाही.

जन्माष्टमीच्या सुमारास त्यांना श्वास घ्यायला जड जाऊ लागलं. फिजिशियननी पुन्हा पाणी काढायला सांगितलं. या वेळी साध्या सुईतून काही येईना. जाड सुई लावली, तेव्हा आलं ते पाणी नव्हतंच. टेक्निशियननी बाटली आडवी केली तरी आतला ऐवज जागचा हलेना, कांजी करताना खळ गार होऊन थिजते तसा.

"मैडमजी, ई में तो जैलीअई जैली है," ते म्हणाले. "निकार दें?"

माझं डोकं फिरलं. काकूंच्या पोटात त्या माणसाने जेलीची आख्खी बाटली रिकामी केली, असं मी खरोखर समजले. सहा महिन्यांत मी पहिल्यांदा सोनोग्राफीचा नंबर फिरवला आणि त्यांनी 'नमस्ते' म्हणायच्या आत सुरू झाले. ते ऐकून घेत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "मैडम, मैं जैली लगाता ही नहीं. आपकी आख़िरी चिट्ठी जनवरी में आई थी. तब से सुई वाले हर केस में सिर्फ़ स्पिरिट लगाता हूँ."

"और होली से पहले? इन्हीं का केस था."

"तब भी नहीं लगाई थी. वही बताने को तो उस दिन फ़ोन किया था."

मी रिसीव्हर ठेवला. टेक्निशियन चिमटा हातात घेऊन उभेच होते. मी त्यांना म्हटलं, काहीच काढू नका, सगळं ठेवा.

मग जुन्या काचा काढल्या. खोक्यात त्या जिथे असायला हव्या तिथेच होत्या, आणि एकीच्या कडेला माझ्याच हातचा शाईचा ठिपका होता. या वेळी काय बघायचं ते मला ठाऊक होतं. जेली असती तर तिचे रवाळ गोळे दिसले असते. हे रवाळ नव्हतं. बारीक बारीक तंतू होते, वाहत जाता जाता सुकलेले. तो श्लेष्म होता, शेंबडासारखा पदार्थ, आणि तो पोटाच्या आतच तयार होत होता. ठिपक्याखालच्या त्या सभ्य पेशी तो तयार करत होत्या. बहुधा अपेंडिक्समध्ये एक लहानशी गाठ होते, ती फुटते आणि अशा पेशी पोटभर सांडतात. त्या दंगा करत नाहीत, वेड्यावाकड्या दिसत नाहीत, नुसत्या सावकाश श्लेष्म गाळत राहतात आणि पोट त्याने भरत जातं. दुर्मिळ आजार. विद्यार्थी असताना सरांनी एकदा त्याची काच वर्गात फिरवली होती. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्या हाताखाली तो आला एकदाच, आणि तो मी बादलीत टाकायला लावला.

तेवढ्यात सोनोग्राफीचे डॉक्टर खाली आले. बोलावलं नव्हतं तरी आले. मी पलीकडच्या भिंगांवरची पिशवी काढली आणि त्यांना बसवलं. दोन्ही काचा दाखवल्या, जुनी आणि नवी. त्यांना त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण दोन्ही सारख्या आहेत एवढं कळलं. बराच वेळ ते भिंगातून डोळे काढेनात. मग म्हणाले, मीही फोनवर न थांबता तेव्हाच खाली यायला हवं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझ्या तोंडून तेव्हाही 'सॉरी' निघालं नाही. मी त्यांना चहा पाजला.

पुढचे दोन दिवस आम्ही काम नीट केलं. त्या घट्ट ऐवजाचा मेणात ठोकळा केला, पातळ काप काढले, श्लेष्म लाल करणारा रंग दिला. सगळी काच लाल झाली. सीटी स्कॅनमध्ये अपेंडिक्स फुगलेलं होतं आणि लिव्हरची कड आतल्या दाबाने जागोजाग चेपलेली होती. आता शंकेला जागा नव्हती. शंका होती ती फक्त माझ्यापुरती. नवा रिपोर्ट नुसता लिहून दिला असता तरी भागलं असतं. आजार आधी लपलेला होता, आता दिसला, असं सगळ्यांनी धरलं असतं. जुन्या काचेवरचा ठिपका स्पिरिटच्या बोळ्याने दोन सेकंदांत पुसला गेला असता. तो ठिपका कशासाठी होता हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. आणि काकू जर मला अंतरल्या असत्या तर मराठीत 'जेवलीस का' विचारणारं माणूस मला या गावात उरणार नव्हतं. इतकं सगळं मी दोन दिवस मनात घोळवलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी पहिला रिपोर्ट चुकला होता, असं लेखी दिलं. आणि फिजिशियननी काकूंना सांगायच्या आत मी स्वतः गेले. बुधवार होता, दुपार. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आज कशी? आज काय रविवार आहे?" मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. टीबी नव्हता. होळीच्या आधीच काचेवर दिसत होतं, मी ओळखलं नाही. जेली समजले. माझं त्या डॉक्टरांशी भांडण होतं म्हणून तसं समजले. गोळ्या तुम्ही उगाच खाल्ल्या.

काकू कॉटवर बसल्या. दोन्ही हात पोटावर. त्या माझ्याकडे बघत होत्या, नवीन मुलगी वर्गात आली तर बघावं तसं. मग म्हणाल्या, "तो अब आगे क्या करना होगा, डॉक्टर साहब?"

माझ्याशी त्या कधी हिंदीत बोलल्या नव्हत्या. मी मराठीत सांगितलं: मोठं ऑपरेशन असतं, पोट उघडून तो सगळा श्लेष्म आणि रोगट अस्तर काढतात, आणि मग गरम औषधाने पोट आतून धुतात, झाशीत होत नाही, पुण्यात होईल. त्यांनी विचारलं, "बचने की उम्मीद रहती है?" मी म्हटलं, हो, चांगली असते, हा आजार सावकाश चालतो. त्यांनी विचारलं, "और ये गोलियाँ बंद कर दूँ?" तेव्हा माझंही उत्तर हिंदीत निघालं. "जी, बंद कर दीजिए." त्यांनी उठून मला दारापर्यंत पोचवलं आणि 'नमस्ते' म्हटलं.

मुलगा आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. स्टेशनवर मी गेले नाही, बोलावणं नव्हतं. तिथल्या हॉस्पिटलने जुन्या-नव्या सगळ्या काचा मागवल्या. बाहेर पाठवायच्या काचा आम्ही पुसून पाठवतो. टेक्निशियननी विचारलं, "मैडमजी, स्याही पोंछ दें?" मी म्हटलं, रहने दीजिए. ऑपरेशन दिवसभर चाललं. मुलाने एका ओळीचा मेसेज पाठवला. अपेंडिक्स गेलं, अंडाशय गेले, प्लीहाही काढावी लागली. आधी आलो असतो तर प्लीहा वाचली असती का, असं त्याने तिथल्या सर्जनना विचारलं होतं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. हेही त्याने नंतर मला आवर्जून कळवलं. मी त्यावर हात जोडल्याचं एक चित्र पाठवलं आणि नंतर तेही काढून टाकलं.

रविवार मोकळे झाले. सुरुवातीला मी घरी थालीपीठ लावून पाहिलं. भाजणी संपली आणि तेही संपलं. मग रविवारीही लॅबमध्ये जाऊ लागले. यंत्रावरचा कागद मी फाडून टाकला होता. त्याचा चौकोन अजून दिसतो, कारण आजूबाजूचा रंग उडालाय. सोनोग्राफीचे डॉक्टर आता अवघड काही असलं की खाली येतात आणि माझ्याशी नीट वागतात. मी त्यांच्याशी नीट वागते. पण नीट वागणं निराळं आणि बोलणं निराळं. घरी आल्यावर कुणाशी भांडायलाही उरलेलं नसतं. मला काकूंची आठवण यायची म्हणजे त्यांच्या टोकण्याची यायची. एकटी असताना मी 'सोचते' म्हणायची आणि थांबायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, नऊच्या सुमारास, फोन वाजला.

"अगं, मी बोलतेय."

 त्या बोलतच राहिल्या. जखम भरली, दोन वेळचं जेवण जातं, सून चांगली करते, फक्त भाजणीत वाटाणा घालू देत नाही. मग म्हणाल्या, "मी रागावले होते तुझ्यावर. अजून आहे."

"माझं चुकलंच, काकू. त्या गोळ्या..."

"गोळ्यांचं नाही गं. तू काचेवर चुकलीस, त्याचं नाही. चूक कुणाची होत नाही? मी जन्मभर वह्या तपासल्या. किती बरोबर गणितांवर फुली मारली असेल, देवालाच ठाऊक. पण तू दर रविवारी माझ्यासमोर बसायचीस. माझं पोट वाढताना तुला दिसत होतं. डॉक्टर ना तू? एकदा, नुसता हात लावून बघायचा होतास."

खिडकीबाहेर शेजारी कुणी गाडी धूत होतं, तो पाण्याचा आवाज मी ऐकत राहिले. मग म्हटलं, "सवय राहिली नाही, काकू."

"कसली?"

"माणसाला हात लावायची."

  त्यांचा आवाज जरा बसका झाला. "बरं. मग ये इकडे. पोट आता सपाट आहे, सापडायचं काही नाही. पण ये."

मी 'येते' म्हटलं. त्या म्हणाल्या, "नुसतं येते म्हणू नकोस," आणि सून जेवायला बोलावतेय म्हणून फोन ठेवला.

याला आता तीन महिने होतील. झाशीहून पुण्याला रोज गाडी आहे, रजा शिल्लक आहे, मला अडवणारं कुणी नाही. तरी मी तिकीट काढलेलं नाही. त्या माझा हात धरून पोटावर ठेवतील, हे मला पक्कं माहीत आहे. हात कुठून सुरू करायचा, किती हलका ठेवायचा, किती दाबायचा, आणि दाबताना नजर पोटाकडे नाही तर माणसाच्या चेहऱ्याकडे ठेवायची, हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. परवा आंघोळीनंतर स्वतःच्या पोटावर करून पाहिलं. मला ते जमलं नाही.